नदीकाठच्या सूचनापेटीच्या पोटातलं

मी सूचनापेटी बोलतेय. जरा चार पावलं लांब उभे राहा, कारण माझ्या तोंडाला वास येतो. हा वास माझा नव्हे. मी चांगल्या जुन्या लाकडाची आहे. हा वास तुम्ही माझ्या तोंडात कोंबलेल्या आईस्क्रीमच्या काड्यांचा, चघळून टाकलेल्या गमचा आणि ओल्या रुमालांचा आहे. एकदा तर एका सुशिक्षित दिसणाऱ्या बाईंनी आपल्या बाळाचा लंगोट माझ्या तोंडाशी धरून पाहिला होता. तो मावला नाही, म्हणून मी वाचले.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. नदी कार्यालयातला कारकून पेटी सांगायला आला होता. सुताराने विचारलं, तोंड केवढं ठेवू? कारकुनाने मोजमाप आणलंच नव्हतं. त्याने दोन्ही हातांची बोटं हवेत धरून दाखवलं, एवढं. वर म्हणाला, जरा मोठंच ठेवा, लोकांना बोलायचं खूप असतं. सुताराने अख्खी मूठ जाईल एवढं तोंड कोरलं. मला पॉलिश करताना त्याची बायको म्हणालीसुद्धा, की यातून मांजराचं पिल्लू आत जाईल. तिचं कुणी ऐकलं नाही. पुढे जे झालं ते सगळं त्या तोंडामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. पण निम्मं तरी झालं.

मला होड्यांच्या धक्क्यावर ठोकलं. एका बाजूला तिकिटाची खिडकी, दुसऱ्या बाजूला आईस्क्रीमची गाडी. कचऱ्याचा डबा माझ्यापासून दहा पावलांवर होता. दहा पावलं चालायचा माणसाला फार कंटाळा येतो, हे मला पहिल्याच दुपारी कळलं. माझ्या कपाळावर ठळक अक्षरांत 'नदी आपली, मत आपलं' असं लिहिलेलं होतं. लोक ते वाचायचे, मान डोलवायचे आणि काडी आत टाकायचे.

आता नदीबद्दल सांगते, म्हणजे मी इतकी चिडले का ते कळेल.

आमची नदी दोन उंच कड्यांमधून येते. पाणी हिरवं, आणि थंडीच्या दिवसांत इतकं नितळ की तळातले गोटे मोजावेत. धक्क्यापासून तासभर वर गेलं की नदीच्या मधोमध एक दुभंगलेला खडक लागतो. त्याच्यापुढे नदी वळते. त्या वरच्या वळणावर पांढऱ्या वाळूचं एक बेट आहे. सुरय नावाचे पांढरे, काळ्या डोक्याचे पक्षी तिथे उघड्या वाळूवरच अंडी घालतात. घरटं नाही, काडी नाही, आडोसा नाही. मी हे पाहिलेलं नाही, मला खिळे ठोकलेले आहेत. पण माझ्या पोटात आलेल्या कागदांवर ते इतक्या वेळा लिहिलं होतं की मला ते पाठ झालंय.

मोटारबोटींना खडकापर्यंतच जायची परवानगी होती. पुढे फक्त वल्ह्याच्या होड्या. पूर्वी दिवसाला चार-पाच मोटारबोटी सुटायच्या. मला बसवलं तेव्हा दर दहा मिनिटांनी एक सुटत होती. प्रत्येकीत मोठ्ठ्या आवाजात गाणी. परत आलेली माणसं धक्क्यावर उतरून 'किती शांत आहे ना इथं!' असं एकमेकांना ओरडून सांगायची, कारण त्या आवाजात हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. कुणी शांपू लावून पाण्यात उतरायचं. कुणी प्लास्टिकचे पेले नदीला अर्पण करायचं. नदी आवडते म्हणून इतक्या लांब यायचं आणि आल्यावर तिच्या अंगावर घाण करायची, या प्रेमाची मला शिसारी येते.

तर त्या वर्षी नदी कार्यालयाने एक आराखडा काढला. त्यात मोटारबोटींना वरच्या वळणापर्यंत सोडायचं ठरत होतं. लोकांचं म्हणणं काय ते चाळीस दिवसांत लेखी द्या, अशी नोटीस लागली. ते लेखी म्हणणं जिच्या पोटात जायचं, ती मी. मला तेव्हा किती अभिमान वाटला होता ते आठवलं की आता हसू येतं.

मतासाठी छापील नमुने होते. दोनशे छापले होते. तिसऱ्या दिवशी मोटारबोट संघटनेचे अध्यक्ष आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. संघटनेसाठी हवेत म्हणून त्यांनी खिडकीतून नमुन्यांचा गठ्ठा उचलला. कारकुनाने हरकत घेतली नाही. उलट पिशवी दिली. मग खिडकीत नमुने उरलेच नाहीत.

चौथ्या दिवशी होडीवाली मावशी आली. धक्क्यावर तिला सगळे मावशीच म्हणतात, तिच्याहून मोठेसुद्धा. वय साठीच्या आसपास. सासऱ्याने तिला वल्हं शिकवलं, नवरा गेल्यावर होडी तिच्याकडे आली. गेली अठ्ठावीस वर्षं ती एका वेळी सहा माणसं घेऊन वरच्या वळणापर्यंत जाते. वल्हं जिथे होडीला घासतं तिथे ती चिंधी गुंडाळते, आवाज होऊ नये म्हणून. मोटारी वर आल्या तर बेट संपलं, हे तिला आराखडा न वाचताच कळलं होतं. बोट वेगाने गेली की लाट वाळूवर चढते आणि अंडी भिजतात.

तिने नमुना मागितला. कारकून चहा पीत होता. संपले म्हणाला.

"मग साध्या कागदावर लिहिलं तर चालेल का, भाऊसाहेब?"

"टाका हो मावशी. कागद तो कागद."

एवढं म्हणून त्याने बशीत चहा ओतला. मावशीने ते वाक्य गाठीला बांधलं आणि निघाली.

पुढचे तीस-बत्तीस दिवस ती फेऱ्या संपल्या की घरोघरी हिंडायची. धुणं धुणाऱ्या बायका, मासेमार, शाळेतल्या बाई, निवृत्त पोस्टमन, बाकीचे होडीवाले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्यासमोर बसून ती स्वतः लिहायची, सावकाश, एकेक अक्षर कोरल्यासारखं. मग ते लोक येऊन आपापला कागद माझ्या तोंडात टाकायचे. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू, वहीची पानं, औषधांच्या डब्यांचे पुठ्ठे, लग्नाच्या आमंत्रणाची पाकिटं. माझं पोट भरत चाललं होतं, आणि पहिल्यांदाच कशाने तरी बऱ्या गोष्टीने. मध्ये मध्ये काड्या येत होत्याच. ओल्या काड्या कागदांना चिकटायच्या आणि माझ्या अंगावर काटा यायचा.

खरं सांगायचं तर त्या कागदांनीही मला मळमळलं. मी सगळे वाचले, दुसरं काम काय होतं मला? नदी वाचवा, असं सगळ्यांनीच लिहिलं होतं. मासेमारांनी लिहिलं, साबण बंद करा. धुणं धुणाऱ्या बायकांनी लिहिलं, मोटारी बंद करा, साबणाने काही होत नाही. वल्हेवाल्यांनी लिहिलं, जाळी बंद करा. सहलीला आलेल्या एका गृहस्थांनी सुबक अक्षरांत लिहिलं, की इथे फार गर्दी होते, म्हणून इतर लोकांना येऊ देऊ नये. पोस्टमननी तर दोन पानं लिहिली आणि त्यात गावातल्या एकूणएक माणसावर कसली ना कसली बंदी घालायला सांगितली. स्वतः रोज सकाळी दात घासून नदीतच चूळ भरतात, ते तेवढं राहिलं. प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. मी लाकडाची आहे म्हणून सहन केलं.

सदतिसाव्या दिवशी मावशी एकटी आली. तिकिटाची खिडकी अजून उघडायची होती. तिच्या हातात वहीचं एक पान आणि शिसपेन्सिल. पायरीवर बसून तिने चार ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. मग उठून माझ्यापाशी आली, कागद अर्धा आत घातला, आणि तसाच धरून उभी राहिली. मला वाटलं, परत घेतेय. शेवटी तिने तो सोडला.

त्यावर लिहिलं होतं: 'मी खूप वर्षं बेटावर लोकांना उतरवते. मागच्या साली माझ्या गिऱ्हाइकाच्या पायाखाली दोन अंडी फुटली. मी गप्प बसले. वर मोटारी नकोत. पण माझी होडी पण नको. पिल्लं उडेपर्यंत कोणीच जाऊ नये. पहिलं मला अडवा.'

तीनशे अकरा साध्या कागदांत असा हा एकच होता. मी तो जपायचा खूप प्रयत्न केला. पण पेटीला हात नसतात. तासाभरात त्याच्यावर अर्धवट चाटलेली एक काडी येऊन पडलीच.

चाळीस दिवस झाले. मला भिंतीवरून उतरवून कार्यालयातल्या टेबलावर ठेवलं. साक्षीदार म्हणून एका खुर्चीत अध्यक्ष, दुसऱ्या खुर्चीत मावशी. कारकुनाने नाकाला रुमाल लावून कुलूप काढलं आणि मला पालथी केली. काय काय पडलं ते मी सांगणार नाही, तुम्ही जेवून आला असाल. मुंग्यासुद्धा होत्या.

कारकून छापील नमुने एका बाजूला घेऊ लागला. एकशे त्रेसष्ट निघाले. त्यांतले दीडशे एकाच शाईने, एकाच अक्षरात, एकाच वाक्याचे: 'मोटारबोटी वर सोडल्यास पर्यटन वाढेल.' साध्या कागदांकडे तो वळलाच नाही. ते काड्या आणि मुंग्यांबरोबर टेबलाच्या कडेला ढिगात होते.

"ते का मोजत नाही?" मावशीने विचारलं.

"छापील नमुन्यावर नाहीत ना. तसा नियम आहे."

"नमुने संपले होते. तुम्हीच म्हणालात, कागद तो कागद."

कारकुनाने रुमालाची घडी घातली. "मी तोंडी म्हणालो होतो, मावशी. नियम लेखी आहे."

अध्यक्षांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की नियमापुढे कुणाचा इलाज नसतो. मावशीने त्या ढिगाकडे पाहिलं. एवढ्या घरांचे उंबरठे झिजवून आणलेले कागद, आणि आता त्यांना हात लावायलाही कुणी तयार नव्हतं. ती उठून गेली. मला त्या कारकुनाची किळस आली. तो वाईट माणूस नव्हता, म्हणून जास्तच आली.

त्याने सफाईवालीला हाक मारून सांगितलं, हे सगळं काढ इथून.

आता एक गोष्ट सांगते, जी कार्यालयात सगळ्यांना माहीत होती आणि कुणीच बोलत नव्हतं. कार्यालयाच्या मागे पायऱ्या आहेत. कार्यालयाचा कचरा रोज त्या पायऱ्यांवरून नदीत जायचा. होय, नदी कार्यालयाचा, नदीत. पण त्या जागी पाणी उलटं फिरतं. टाकलेलं सगळं एक गिरकी घेतं आणि सकाळपर्यंत धक्क्याखाली येऊन साचतं. मग कारकून खिडकीतून ते बघून म्हणायचा, लोक काय घाण करतात हो. मी हे वर्षभर ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरिष्ठ कार्यालयातले साहेब पाहणीला आले. त्यांनी वळण पाहायचं आणि सही करायची, एवढंच बाकी होतं. मला पुन्हा धक्क्यावर ठोकलं होतं, मी समोरच होते. अध्यक्षांनी आपली सगळ्यात मोठी बोट तयार ठेवली होती, आत गादीची खुर्ची, इंजिन चालू. साहेब पाऊल टाकणार, तेवढ्यात त्यांनी खाली पाहिलं. धक्क्याखालचं पाणी कागदांनी भरलं होतं.

साहेबांनी नाक मुरडलं. आपण यांच्यासाठी एवढ्या सोयी करतो आणि यांना नदीत कागद फेकताना लाज वाटत नाही, असं बरंच बोलले. अध्यक्षांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली. कारकून माझ्या अगदी शेजारी उभा होता.

मावशीची होडी जवळच होती. साहेबांनी तिला हाक मारून ते कागद काढायला सांगितलं. तिने वल्ह्याच्या पात्यावर मूठभर ओला लगदा उचलला, हाताने एकेक कागद सुटा केला. आणि थांबली.

"हे लोकांनी फेकलेलं नाही, साहेब," ती म्हणाली. "हे तुमच्या पेटीतलं आहे."

तिने ते कागद साहेबांच्या हातात दिले. शाईने लिहिलेल्यांचे नुसते निळे डाग झाले होते. पेन्सिलीचं तेवढं शाबूत होतं. वहीचं एक पान सगळ्यात वर होतं. साहेबांनी ते मनात वाचलं, मग शेवटची ओळ मोठ्याने वाचली. "पहिलं मला अडवा. हे कुणी लिहिलंय?"

"मी."

"वर जायला बंदी झाली तर तुमचं कसं होणार?"

"ते मला अजून कळलेलं नाही," मावशी म्हणाली. "पण लिहिलंय ते खरं आहे."

बोटीचं इंजिन चालूच होतं. मग माझ्या शेजारून कारकून पुढे गेला. त्याने सांगितलं, की नमुने संपले होते, साध्या कागदावर लिहा असं आपणच सांगितलं होतं, आणि कचरा मागच्या पायऱ्यांवरून जातो. एवढं एका दमात बोलून तो बुटांसकट पाण्यात उतरला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून कागद वेचू लागला. सफाईवाली आली, मासेमार जाळी घेऊन आले. अध्यक्षांनी इंजिन बंद केलं.

होड्यांच्या दोरांवर कागद वाळत घातले. धुणं धुणाऱ्या बायकांनी आपले चिमटे दिले. तीनशे अकरापैकी दोनशे ऐंशी सापडले. बातमी पसरली तशी माणसं आली आणि दोरांखालून आपापला कागद शोधत फिरू लागली. शाई गेलेल्यांनी कोरा कागद हातात घेऊन तोंडी सांगितलं, कारकुनाने ते लिहून घेतलं. साहेब दुपारपर्यंत धक्क्यावरच बसले. एक गंमत मात्र माझ्या लक्षात आली. मावशीचं पान तिथे सगळ्यांनी वाचलं होतं. त्यानंतर ज्यांनी तोंडी सांगितलं, त्यांतल्या बऱ्याच जणांनी सुरुवात स्वतःपासून केली. धुणं धुणाऱ्या एका बाईने साबण काठापासून लांब नेते म्हणून सांगितलं. पोस्टमननी घसा खाकरला आणि चुळीबद्दल सांगून टाकलं.

म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. साहेबांनी जाताना कारकुनाला पहिली गोष्ट बजावली ती ही, की मागच्या पायऱ्यांचं बाहेर कळता कामा नये. ते ऐकून माझ्या फळ्या आंबल्या.

महिन्याने निकाल आला. मोटारबोटी पूर्वीसारख्या खडकापासूनच मागे फिरतील. पिल्लं उडेपर्यंत वरच्या वळणावर कुणीही जायचं नाही, वल्ह्याची होडीसुद्धा नाही. नंतर दिवसाला वीस होड्या, आणि बेटावर उतरायचं नाही. ती नोटीस कारकुनाने माझ्याच कपाळावर, 'नदी आपली, मत आपलं' यावर खळ लावून चिकटवली. लावायला दुसरी भिंत नव्हती जणू.

आज माझी एक बिजागरी गंजली आहे. काड्या अजून येतात. मावशी खडकापर्यंतच्या फेऱ्या मारते, त्या पूर्वीच्या निम्म्याही भरत नाहीत. लोकांना वरच जायचं असतं. दुपारी ती होडीत बसून वल्ह्याची चिंधी सोडते आणि पुन्हा बांधते. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच ती या दिवसांत बेट पाहू शकलेली नाही.

परवा एक कुटुंब आलं. त्यांना बेटावर पक्ष्यांबरोबर फोटो काढायचे होते. मावशी नाही म्हणाली. त्यांनी आधी गोड बोलून पाहिलं, मग ओळखी सांगितल्या, मग आवाज चढवला. ती नाहीच म्हणाली. तेव्हा त्या गृहस्थांनी खिडकीतून छापील नमुना मागून घेतला, तो नीट भरला आणि रागाने माझ्या तोंडात टाकला. 'येथील होडीवाली बाई अत्यंत उद्धट आहे. वारंवार विनंती करूनही तिने आम्हाला वर नेण्यास साफ नकार दिला. तिच्यावर कारवाई व्हावी.'

माझ्या सगळ्या आयुष्यात इतकी चांगली चिठ्ठी मला कुणी दिली नव्हती. मला रिकामी करायला याल तेव्हा बाकीचं सगळं खुशाल न्या. ती तेवढी पोटात राहू द्या.